ऑपरेशन झालं, आता कामावर कधी जायचं?

आमच्या शाळेतल्या एक ज्येष्ठ बाई आहेत, आम्ही सगळ्या त्यांना आपा म्हणतो. त्या वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून सोळाव्या दिवशी शाळेत हजर झाल्या. परिपाठ चालू होता. राष्ट्रगीत संपलं आणि आपा भिंतीला हात लावत लावत खाली बसल्या. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मुलं घाबरली. कुणीतरी लगेच म्हणालं, "बघा, सांगितलं होतं ना, नको ते ऑपरेशन."

खरं तर ऑपरेशनमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. सकाळची एसटी पकडायच्या घाईत आपांनी घरातून निघताना दोन घोट पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आणि ब्लडप्रेशरची जुनी गोळी जुन्याच डोसमध्ये चालू होती. खाणं एवढंसं झालं, वजन उतरायला लागलं की प्रेशर आपोआप खाली येतं. त्यावर पूर्वीची पूर्ण गोळी घेतली की माणूस उभ्या उभ्या पडतो. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, पाण्याची बाटली हातात आली आणि प्रकरण मिटलं. पण गावात बातमी काय पसरली? "बाई शाळेत बेशुद्ध पडल्या, पोट कापल्यामुळे."

त्यानंतर मी आपांसोबत त्यांच्या तपासण्यांना दोन-तीनदा मुंबईला गेले, आहारतज्ज्ञांसमोर बसून वहीत लिहून घेतलं. मी डॉक्टर नाही, बीएड झालेली शिक्षिका आहे. पण आपल्या किनाऱ्यावर, मुरुडपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत, आता घरोघरी शुगर आहे, गुडघे गेलेले आहेत, आणि हे ऑपरेशन करून आलेली माणसं दिसू लागली आहेत. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: कामावर कधी जायचं? म्हणून हा लेख.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते

बऱ्याच लोकांना वाटतं की यात चरबी काढून टाकतात. तसं नाही. चरबी खेचून काढणं हा वेगळा, सौंदर्याचा प्रकार आहे. हे ऑपरेशन पोटाच्या पिशवीवर, म्हणजे जठरावर होतं. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. 'बायपास' प्रकारात जठराची अगदी छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही दुर्बिणीने, पोटावर चार-पाच छोटी भोकं पाडून होतात. बाहेरून टाके छोटे दिसतात, म्हणून घरच्यांना वाटतं की किरकोळ काम झालं. आत मात्र लांबच लांब शिवण असते आणि तिला भरून यायला वेळ हवा असतो. कामावर परतण्याचा सगळा हिशोब या आतल्या शिवणीवर आणि पोटात किती अन्न-पाणी जातं यावर आहे.

ऑपरेशन कुणासाठी? ज्यांचं वजन आजार बनलंय त्यांच्यासाठी. पूर्वी जगभर बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत शुगर-प्रेशर, असा निकष होता. तो १९९१ चा. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला. आपल्या आशियाई लोकांना तर कमी वजनातच शुगर गाठते. लग्न जमत नाही म्हणून किंवा फोटोत बरं दिसावं म्हणून करायची ही गोष्ट नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. "अल्लाहने दिलेल्या शरीरात बदल का करायचा" असंही काहीजण विचारतात. इलाज आणि निव्वळ शोभा यात उलमासुद्धा फरक करतात. मनात शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना डॉक्टरांचे कागद दाखवून विचारावं, ओट्यावरच्या चर्चेवर ठरवू नये.

मोठ्या माणसांची उदाहरणं

या ऑपरेशनचं नाव काढलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे २०१७ मध्ये इजिप्तहून मुंबईला आणलेली ती बहीण, इमान अहमद. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, पुढे तिला अबुधाबीला नेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचं निधन झालं. अल्लाह तिची मगफिरत करो. पण तिचं वजन ५०० किलोच्या आसपास होतं आणि ती कित्येक वर्षं अंथरुणावरून उठली नव्हती. तिच्या गोष्टीवरून आपल्या शंभर-सव्वाशे किलोच्या चाचीचा अंदाज बांधणं चुकीचं आहे.

दुसरं उदाहरण कामावर परतण्याचं आहे आणि ते मराठी माणसाचं आहे. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. नंतरची त्यांची दौऱ्यांची, मंत्रिपदाची धावपळ सगळ्यांनी पाहिली आहे. २०२२ मध्ये उज्जैनच्या एका कार्यक्रमात त्यांनी स्वतःच सांगितलं की आपलं वजन एकेकाळी १३५ किलो होतं, आता ९३ आहे. अरुण जेटली अर्थमंत्री असताना २०१४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचीही झाली. त्यांना नंतर संसर्ग झाला, पुन्हा रुग्णालयात राहावं लागलं. तरी १८ ऑक्टोबरला डिझेलचे दर मोकळे करण्याची घोषणा करायला तेच समोर आले होते.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त जवळची वाटते. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका प्रसिद्ध लेखिकेने एका जाड पोलिसाचा फोटो टाकून थट्टा केली. तो पोलीस मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशातला निरीक्षक होता. थट्टेमुळे त्याची गोष्ट देशभर झाली, मुंबईत त्याच्यावर उपचार झाले, वजन बरंच उतरलं. ज्या फोटोवर लोक हसले, त्यातला माणूस आजारी होता.

मंत्र्याला दारात गाडी असते, पाणी हातात द्यायला माणूस असतो. आपल्याला एसटीत उभं राहायचं असतं. म्हणून त्यांचे दिवस मोजून आपले ठरवू नयेत.

किती दिवस?

गुंतागुंत नसेल तर रुग्णालयात साधारण दोन ते चार दिवस. चालायला मात्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच लावतात, कारण पायात रक्ताची गाठ होऊ नये. पुढे काम कोणतं यावर सगळं आहे.

बसून करायचं काम असेल, बँक, ऑफिस, दुकानाचा गल्ला, तर बहुतेकांना दोन आठवड्यांनी जमतं. शिक्षकाला मी तीन धरीन. कारण आपलं काम उभ्याचं आहे आणि बोलण्याचं आहे, बोलता बोलता पाणी प्यायचं राहून जातं. शक्य असेल तर पहिले काही दिवस अर्धा वेळ मागावा. गाडी चालवणाऱ्यांनी जोरदार वेदनाशामक बंद होईपर्यंत आणि अचानक ब्रेक दाबता येईल इतकं पोट सावरेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये. रिक्षावाल्यांना तर आपल्या रस्त्यांचे खड्डे वेगळे सांगायला नकोत.

अंगमेहनतीचं काम असेल तर चार ते सहा आठवडे, तेही सर्जनने तपासून होय म्हटल्यावर. होडीवर जाळं ओढणं, बर्फाच्या पेट्या उचलणं, वाडीत नारळ-सुपारीची पोती, सेंट्रिंगचं काम, हे सगळं यात आलं. या काळात पाच किलोच्या वर काही उचलू नये असं साधारण सांगतात. जोर लावला की पोटाच्या भोकातून हर्निया येऊ शकतो.

दोन आठवडे पूर्ण झाले आणि बरं वाटतंय म्हणून जाळं ओढायला निघालेला एक माणूस मला माहीत आहे. त्याला नशिबाने काही झालं नाही. पण नशिबावर ठरवायची ही गोष्ट नाही.

ज्यांची 'जॉइनिंग डेट' कुणी विचारत नाही

इथे मला थोडं थांबायचं आहे. नोकरी करणाऱ्याला रजा मिळते. घरातल्या बाईला कोण देतं? आपल्या समाजात हे ऑपरेशन करून घेणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. रुग्णालयातून घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे असते. कुणी तिला 'काम कर' म्हणत नाही, पण पाणी आलं की नळाखाली कळशी तीच लावते, कारण आजवर तीच लावत आली.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची कळशी भरली की पंधरा किलो, भांड्याचं वजन वेगळं. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेच्या तिप्पट. दोन वर्षांचं मूल दहा-बारा किलोचं असतं. भिजलेल्या चादरींची बादली, दावतीचं डेग सरकवणं, गव्हाची गोणी, गॅसचा सिलिंडर, हे सगळं सहा आठवडे दुसऱ्या कुणीतरी करायचं आहे. मुलाला कडेवर घ्यायचं नाही, आईने खाली बसायचं आणि मुलाने मांडीवर यायचं.

घरातल्या पुरुषांनी आणि सासूबाईंनी ऑपरेशनच्या आधीच बसून ठरवावं की पाणी कोण भरणार, बाजार कोण आणणार. आपांच्या घरी त्यांच्या मुलाने दीड महिना पाणी भरलं. पहिल्या आठवड्यात मोहल्ल्यातली पोरं त्याला हसली, दुसऱ्या आठवड्यात कंटाळली.

आणखी एक. स्वयंपाक करणारी बाई चव घेत घेत खाते. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात कोरड्या भाकरीचा एक तुकडासुद्धा अडकू शकतो. तिखट वाटपाचा वास सहन होत नाही, मळमळतं. तिला काही दिवस चुलीपासूनच लांब ठेवता आलं तर उत्तम.

डबा आणि बाटली

कामावर परतलेला माणूस दमतो ते ऑपरेशनमुळे कमी आणि पोटात काही न गेल्यामुळे जास्त. पहिल्या आठवड्यांत दिवसभरात सहाशे-आठशे कॅलरीसुद्धा मुश्किलीने जातात. म्हणून पाणी आणि प्रोटीन, या दोन गोष्टी कामाच्या ठिकाणी जमल्या नाहीत तर परतायची घाई करू नये.

दिवसाला निदान दीड लिटर पाणी-पातळ पदार्थ हवेत. पण ग्लास तोंडाला लावून गटागट पिता येत नाही, दुखतं. घोट घोटच घ्यावा लागतो. मी आपांना वर्गातल्या मुलांसारखं गणित मांडून दिलं. एक घोट साधारण २० मिली धरा. १५०० भागिले २० म्हणजे ७५ घोट. जागेपणाचे १५ तास म्हणजे ९०० मिनिटं. म्हणजे दर १२ मिनिटांनी एक घोट. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत तीन. आपांनी टेबलावर बाटली ठेवली आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीला काम दिलं, "मी विसरले की आठवण कर." ती मुलगी एकदाही विसरली नाही.

जेवताना पाणी प्यायचं नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं. सोडा, कोल्ड्रिंक बंद. रूह अफजा, रसना, गोड चहा यांपासून सांभाळून, विशेषतः बायपासवाल्यांनी. गोड एकदम आतड्यात उतरलं की छाती धडधडते, घाम येतो, चक्कर येते, जुलाब होतात. डॉक्टर याला 'डंपिंग' म्हणतात. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाची बर्फी आली आणि भिडेखातर खाल्ली, तर पुढचा तास शिकवता येणार नाही.

खाणं पायरीपायरीने वाढतं. आधी पाण्यासारखं पातळ, मग दूध-डाळीचं पाणी-सूप, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं, पण मूठभर. कोणती पायरी कधी, हे तुमच्याच रुग्णालयाच्या कागदाप्रमाणे चालावं, शेजारच्या कागदाप्रमाणे नाही. आपल्या घरात या पायऱ्यांसाठी लागणारं सगळं आहे. तूप-तेल काढून टाकलेली, गाळलेली यखनी पातळ पायरीला उत्तम. मऊ पायरीला वाफवलेला मासा, काटे नीट काढून. मासा मटणापेक्षा लवकर पचतो आणि अडकत नाही. नारळाच्या घट्ट दुधातलं कालवण मात्र थांबू द्या.

प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतं. अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम माशात सुमारे वीस, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर शिजलेल्या डाळीतही साधारण तेवढंच. म्हणजे डब्यात अंडं किंवा मासा आधी, भात शेवटी. भात आणि भाकरी आधी खाल्ली तर जागा तिथेच संपते. प्रोटीन कमी पडलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळतात. स्कार्फखाली कुणाला दिसत नाही, पण बाई रात्री रडते. बहुतेकांचे केस परत येतात, खाणं आणि लोह नीट असेल तर.

आणि गोळ्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, हे आयुष्यभर. "वजन उतरलं, आता कशाला" म्हणून सोडून दिलेल्यांना दोन-तीन वर्षांनी अशक्तपणा, हातापायाला मुंग्या असे त्रास सुरू होतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं, ते कशाचं याची शंका असेल तर औषधवाल्याला गोळीच्या स्वरूपात किंवा शाकाहारी आवरणाचं मागा, मिळतं. या एका शंकेपायी व्हिटॅमिनच बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत.

अंगदुखीला आपण मेडिकलमधून सर्रास आणतो त्या ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नयेत, पोटात अल्सर होतो. तंबाखू आणि मशेरीचंही तसंच. आपल्याकडच्या बायका मशेरीला व्यसन समजत नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. सांगा.

शुगरच्या औषधांबद्दल वेगळं सांगायला हवं. ऑपरेशननंतर काही दिवसांतच शुगर खाली येऊ लागते. इन्सुलिन किंवा काही गोळ्या जुन्या डोसने चालू राहिल्या तर शुगर धोकादायक इतकी उतरते. होडीवर, गाडीवर, शिडीवर असं झालं तर काय होईल, ते लिहायला नको. कामावर परतण्याआधी शुगर-प्रेशरच्या सगळ्या औषधांचा कागद डॉक्टरांकडून नवा करून घ्या.

रजा, विमा आणि कागद

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगाराची, म्हणजे परिवर्तित रजा, करून मिळते आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे २१ दिवस पूर्ण पगाराने घेतले तर ४२ जातात. वैद्यकीय रजेवरून परतताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं. खाजगी अनुदानित शाळांची सेवाशर्तींची नियमावलीही १९८१ चीच. आपल्या खात्यावर किती दिवस शिल्लक आहेत ते ऑपरेशनच्या आधी क्लार्ककडे जाऊन सेवापुस्तकात बघा, नंतर नाही.

कंपनीत असाल आणि पगारातून ईएसआय कापली जात असेल, तर ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास आजारपणात वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला हवा.

खाजगी विमा असेल तर २०१९ मध्ये विमा नियामकाने ठरवलेली अट वाचा. वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त व सोबत हृदयविकार, आटोक्यात न येणारी शुगर, झोपेत श्वास अडकणं असा गंभीर आजार आणि इतर उपाय करून न उतरलेलं वजन. या अटी पुऱ्या होत नसतील तर कंपनी खर्च नाकारू शकते. म्हणजे डॉक्टरांच्या नव्या निकषात बसलात तरी विम्यात बसालच असं नाही. पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ वेगळा मोजतात. दाखल होण्याआधी लेखी मंजुरी घ्या.

फिटनेस सर्टिफिकेटवर नुसतं 'फिट' लिहून आणू नका. "सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलू नये, दर दोन तासांनी खाण्यासाठी दहा मिनिटं, पाण्याची बाटली सोबत" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. मग मुख्याध्यापकांशी किंवा सुपरवायझरशी हुज्जत घालावी लागत नाही.

सगळ्यांना ऑपरेशनचं नाव सांगायची सक्ती नाही. 'पोटाची शस्त्रक्रिया' एवढं पुरे. पण जवळच्या एकाला तरी खरं सांगून ठेवा, म्हणजे चक्कर आली तर तो साखरपाणी पाजायचं की शुगर तपासायची हे गोंधळात ठरवणार नाही. आपांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून त्या दिवशी आम्ही सगळ्या नुसत्या वारा घालत उभ्या होतो.

लोक बोलतातच. "पैसे टाकून बारीक झाली" असं म्हणणाऱ्याने एकदा महिनाभर यखनीवर राहून दाखवावं, एवढंच मी म्हणते.

सुट्टीवर आलेले आखातातले

आपल्या गावांतून कुवेत, सौदी, दुबईला कामाला असणारे पुष्कळ. ते सुट्टीत येतात, ऑपरेशन उरकतात आणि सुट्टी संपताच विमान पकडतात. माझ्या मावसभावाने असंच ठरवलं होतं, पंचेचाळीस दिवसांची सुट्टी आणि ऑपरेशन तिसाव्या दिवशी, कारण आधी बहिणीचं लग्न. मी त्याला उलटं करायला लावलं. आल्या आल्या ऑपरेशन, लग्नात फक्त सूप.

कारणं साधी आहेत. पहिल्या काही आठवड्यांत पायात गाठ होण्याचा धोका असतो आणि विमानात तासन् तास बसणं त्यात भर घालतं. शिवण गळण्याचा धोका असेल तर तोही याच काळात कळतो, तेव्हा आपण आपल्या सर्जनच्या जवळ असलेलं बरं. आणि तिथलं ऊन. सौदी आणि अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते, कुवेतमध्ये १ जूनपासून ३१ ऑगस्टपर्यंत. निरोगी माणसाला जिथे उन्हाची बंदी लागते, तिथे दर बारा मिनिटांना एक घोट घेणाऱ्याने त्या महिन्यांत साइटवर परतू नये. डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, हातातल्या बॅगेत.

रमजान

हा प्रश्न प्रत्येक घरात येतोच. रोजा सोडायचा म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यात पाणी येतं. पण पहिल्या महिन्यांत बहुतेक डॉक्टर रोज्याला नकोच म्हणतात, आणि त्याचं कारण वरच्या गणितातच आहे. इफ्तार ते सहरी सुमारे दहा तास. सहा तास झोप धरली तर उरले चार, म्हणजे २४० मिनिटं. ७५ घोट त्यात बसवायचे तर दर तीन मिनिटांनी एक घोट, वर जेवताना पाणी बंद, तरावीह वेगळी. दिवसभर नोकरी करून हे बसत नाही.

सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजाऱ्याला सवलत आहे, रोजे नंतर पूर्ण करता येतात. शरीर स्थिर झाल्यावर, साधारण वर्षभरानंतर, कित्येकजण डॉक्टरांना विचारून रोजे धरतातही. तेव्हाही खजूर एकच, आणि इफ्तारला भजी-शरबतावर तुटून पडायचं नाही. नमाजला पोट ओढतं तोवर खुर्चीवर बसून पढावी.

विवाहित बहिणींसाठी एक गोष्ट हळूच सांगते. वजन उतरलं की गर्भ राहण्याची शक्यता वाढते, पण पहिलं एक ते दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, डॉक्टरीणबाईंना दुसरा उपाय विचारावा.

कधी थांबू नये

श्रीवर्धनहून मुंबई म्हणजे चार-पाच तासांचा रस्ता, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणून पहिला आठवडा-दहा दिवस मुंबई-पनवेलमध्येच नातेवाइकांकडे राहिलात तर बरं. पहिल्या महिन्यात नाडी बसल्या बसल्या १२० च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, एका पोटरीला सूज आणि दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. पित्त झालं असेल म्हणून सोडा पिऊन झोपू नका. सर्जनला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात जा.

दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील तर ती साधी गोष्ट नाही. बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि चालताना तोल जाणं, डोळ्यांपुढे दोन दोन दिसणं, बरळणं सुरू होतं. वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर नुकसान कायमचं राहू शकतं. आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या नव्या डॉक्टरसाहेबांनी असा रुग्ण आधी पाहिलेला असेलच असं नाही. त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा की स्लीव्ह झालंय की बायपास, कोणत्या तारखेला, आणि बी-१ चा विषय काढा. नळी नाकातून पोटात घालायची वेळ आली तर आधी तुमच्या सर्जनशी बोलायला सांगा.

आपांनी डिस्चार्ज कार्डाची छोटी झेरॉक्स लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवली आहे. एका बाजूला ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर. दुसऱ्या बाजूला चालू औषधं, आणि ती बदलली की नवीन झेरॉक्स. एक प्रत शाळेच्या कपाटात, हजेरीपुस्तकाच्या शेजारी असते. ती कुठे आहे हे आता आमच्या शिपाईमामांनाही माहीत आहे.